गोळी तीच, लॉट वेगळा

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. वॉर्डातला रात्रीचा राउंड आटोपून मी चहा घेत होतो, तेवढ्यात भाचीचा फोटो मोबाइलवर आला. पांढऱ्या कागदावर काळं वर्तुळ आणि मध्यभागी पाच छिद्रं, एकमेकांना इतकी चिकटलेली की रुपयाच्या नाण्याखाली आरामात झाकली जातील. खाली ओळ होती : ‘‘मामा, सापडला! हाच लॉट घ्यायचा.’’

भाची कोल्हापूरला रायफल नेमबाजी करते. कोल्हापुरात या खेळाचं वेड जुनं आहे. तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत 50 मीटर प्रोनमध्ये सुवर्ण जिंकलं. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्यानंतर तर घराघरांतल्या पोरांना रायफल हवी झाली.

दुसऱ्या दिवशी दाजींचा फोन आला. ‘‘डॉक्टर, पोरगी म्हणतीया या लॉटची काडतुसं एकदम घेऊन ठेवू, परत मिळायची न्हाईत. ऊसबिलाचा पहिला हप्ता आलाय. घालू का त्यात?’’

मी बंदूक कधी हातात धरलेली नाही. पण ‘लॉट’ हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर आजही काटा येतो. त्याचं कारण नेमबाजीशी नाही, माझ्या दवाखान्याशी आहे. म्हणून दाजींना म्हटलं, ‘‘आठवडाभर थांबा. पैसे तसेच राहू द्या.’’

एक डबा, एक खानेसुमारी

आधी ही लॉटची भानगड काय, ते समजून घेऊ. 50 मीटर रायफलमध्ये ‘पॉइंट टू टू लाँग रायफल’ हे काडतूस वापरतात. ते 1887 पासून चालत आलं आहे. पितळेची छोटी पुंगळी, तिच्या टोकाला साधारण 2.6 ग्रॅमची शिशाची गोळी. याला ‘रिमफायर’ म्हणतात, कारण ठिणगी पाडणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या दुमडलेल्या कडेत, म्हणजे ‘रिम’मध्ये भरलेला असतो. रायफलची पिन त्या कडेवर आपटते, मसाला पेटतो, आतली बंदुकीची दारू पेटते आणि गोळी सुटते.

मोठ्या काडतुसात मसाल्याची वेगळी टोपी असते. ती बदलून, दारू हाताने तोलून शौकीन लोक आपलं काडतूस घरी पुन्हा भरू शकतात. रिमफायरमध्ये ही सोय नाही. कारखान्यातून येईल ते घ्यायचं. आणि आतल्या दारूचं वजन एका ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी. कडेतला मसाला तर त्याहून थोडा. एवढ्याशा मापात किंचित कमीजास्त झालं, शिशाचा मऊपणा बदलला, गोळीवरच्या मेणाच्या थरात फरक पडला, पुंगळीची कड थोडी जाड झाली, की गोळीचा वेग आणि वाट बदलते.

म्हणून कारखाना एकाच कच्च्या मालातून, एकाच यंत्रावर, एका सलग खेपेत बनलेल्या काडतुसांना एक क्रमांक देतो. तो लॉट. काही कंपन्या खोक्यावर त्या लॉटचा सरासरी वेगसुद्धा छापतात. नाव तेच, डबा तोच, किंमत तीच, पण लॉट बदलला की वागणूक थोडी बदलू शकते.

‘थोडी’ म्हणजे किती? हिशेब सोपा आहे. मॅच काडतुसाची गोळी सेकंदाला सुमारे 325 मीटर वेगाने निघते. मुद्दामच आवाजाच्या वेगापेक्षा थोडी कमी, म्हणजे वाटेत धक्का बसत नाही. 50 मीटर जायला तिला 0.16 सेकंद लागतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने ती सुमारे साडेबारा सेंटिमीटर खाली येते. रायफलची माशी त्या हिशेबाने लावलेली असते. आता एखादी गोळी सेकंदाला दहा मीटरने हळू निघाली, तर ती हवेत थोडा जास्त वेळ राहते आणि साडेसात मिलिमीटर आणखी खाली लागते.

साडेसात मिलिमीटर म्हणजे काय? 50 मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ आठ मिलिमीटर बाहेर. म्हणजे नेमबाजाने काही चूक केली नसताना जवळपास एक गुण हातचा गेला. पॅरिसच्या पात्रता फेरीत साठ गोळ्यांमध्ये कुसाळे यांचे 590 गुण झाले आणि ते सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत गेले. त्याच फेरीत ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर 589 गुणांवर अकरावे राहिले. अंतर एका गुणाचं.

यात आणखी एक गंमत आहे. गोळी सुटताना रायफलची नळी थरथरते, वीणेच्या तारेसारखी. गोळी तोंडाशी पोहोचते त्या क्षणी नळी कुठल्या बाजूला झुकलेली आहे, यावर तिची दिशा ठरते. प्रत्येक नळीची थरथर वेगळी. त्यामुळे एका रायफलीला मानवणारा लॉट दुसरीला मानवतोच असं नाही. औषधाचंही असंच असतं. शेजारणीला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेल असं नाही.

म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन कारखान्याच्या चाचणी केंद्रात जातात. इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ इलेचं, जर्मनीत शोनेबेकला लापुआचं असं केंद्र आहे. तिथे रायफल शिकंज्यात घट्ट आवळतात. माणसाचा हात, श्वास, नाडी सगळं बाजूला. मग एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप मारतात, इलेक्ट्रॉनिक लक्ष्य प्रत्येक गोळीची जागा मोजतं आणि जो लॉट सर्वांत घट्ट बसतो तो नेमबाज विकत घेतो. ज्यांना तिथे जाणं परवडत नाही, ते भाचीसारखे पाच-सहा लॉटचे एकेक डबे मिळवतात आणि आपल्या रेंजवर मारून बघतात.

सहा डबे, सहा ग्रुप

भाचीने सहा लॉट तपासले होते. रायफल टेबलावर, वाळूच्या पिशव्यांवर टेकवलेली. प्रत्येक लॉटच्या पाच गोळ्या. मग ग्रुपमधल्या सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधलं अंतर मोजलं. तिचे आकडे असे : 9, 12, 14, 15, 17 आणि 21 मिलिमीटर. नऊवाला लॉट दैवी, एकवीसवाला टाकाऊ. चित्र अगदी स्वच्छ दिसत होतं.

मी तिला विचारलं, ‘‘समज, सहाही डब्यांत एकाच लॉटची काडतुसं भरली असती, तर सहा ग्रुप सारखे आले असते का?’’

‘‘नाही मामा, थोडा फरक पडणारच.’’

‘‘किती?’’

ती गप्प. हा प्रश्न कुणी विचारतच नाही. खरा प्रश्न तोच आहे.

संख्याशास्त्राने याचं उत्तर शोधून ठेवलं आहे. गोळ्या केंद्राभोवती यदृच्छेने विखुरतात असं धरलं, तर पाच गोळ्यांच्या ग्रुपचा आकार काही न बदलताही सरासरीच्या पाव भागाने सहज वर-खाली होतो. सरासरी साडेचौदा मिलिमीटर असेल, तर दहाचा ग्रुप आणि अठराचा ग्रुप हे एकाच आईची लेकरं. असे सहा ग्रुप मारले, तर त्यांतला लहानात लहान नऊ-दहाच्या घरात आणि मोठ्यात मोठा एकोणीस-वीसच्या घरात येईल, हीच अपेक्षा.

आता भाचीचे आकडे पुन्हा वाचा. सहाही लॉट अगदी एकसारखे असते, तरी साधारण असेच आकडे आले असते!

याचा अर्थ लॉटमध्ये फरक नसतो असा नाही. फरक असतो. पण पाच गोळ्यांच्या एका ग्रुपमधून तो दिसत नाही. तिथे बोलत असतो तो योगायोग, आणि तो फार गोड बोलतो.

अशा निवडीत आणखी एक सापळा असतो. सहांतून सर्वांत चांगला निवडला, म्हणजे बहुधा त्यातला सर्वांत नशीबवान निवडला. पुढच्या वेळी नशीब साथ देत नाही आणि ‘लॉट बिघडला’ असं वाटतं. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1886 मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना ते दाखवून दिलं. आम्ही डॉक्टर ते रोज पाहतो. शिबिरात पहिल्यांदा रक्तदाब 160 आलेल्या शंभर माणसांना आठवड्याने पुन्हा बोलवा. औषध न देताही अनेकांचा आकडा उतरलेला असतो. मधल्या काळात त्यांनी जे केलं असेल, काढा, अंगठी, लसणाची पाकळी, त्याला श्रेय मिळतं.

मिथुन आणि तूळ

वैद्यकशास्त्राने या सापळ्याचा एक धडा जाहीरपणे गिरवला आहे. 1988 मध्ये ‘आयसिस-2’ नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. हृदयविकाराचा झटका आलेल्या 17,187 रुग्णांवर तो झाला होता. ॲस्पिरिनने मृत्यू कमी होतात हे त्यात निःसंशय सिद्ध झालं. पण वेगवेगळ्या गटांची आकडेवारी छापा, म्हणजे कुणाला जास्त फायदा आणि कुणाला कमी ते कळेल, असा आग्रह झाला. तेव्हा संशोधकांनी मिस्कीलपणे रुग्णांची जन्मराशीप्रमाणेही विभागणी छापली. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा फायदा झालेला दिसत नव्हता. उलट थोडा तोटाच!

राशीचा आणि ॲस्पिरिनचा काय संबंध? काही नाही. पण मोठ्या गटाचे बारा छोटे तुकडे केले की एखाद-दुसरा तुकडा केवळ योगायोगाने भलतंच सांगणार. सहा लॉट आणि बारा राशी, दोन्हीकडे गोष्ट एकच आहे.

इंग्रजीत या चुकीला चक्क नेमबाजाचंच नाव आहे. टेक्सासचा एक नेमबाज म्हणे कोठाराच्या भिंतीवर वाटेल तशा गोळ्या झाडायचा आणि मग जिथे छिद्रांची दाटी झाली असेल तिथे वर्तुळ काढून म्हणायचा, बघा माझा नेम!

एक बाई आणि एक आकडा

आता माझ्या अंगावर काटा का येतो, ते सांगतो. पंधराएक वर्षं झाली. तेव्हा मी दुसऱ्या एका सरकारी रुग्णालयात होतो. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेली चाळिशीतली एक बाई माझ्याकडे यायची. कृत्रिम धातूची झडप बसवलेली. अशा रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी होते, जास्त झाली तर रक्तस्राव. मधली वाट अरुंद. ती राखण्यासाठी ‘आयएनआर’ नावाची रक्ततपासणी दर महिन्याला करायची. तिचा आकडा अडीच ते साडेतीनच्या दरम्यान हवा होता आणि दोन वर्षं तो तसाच होता.

या तपासणीत रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते एक रसायन घालून मोजतात. ते रसायनही कारखान्यात लॉटनेच बनतं आणि प्रत्येक लॉटची तीव्रता वेगळी असते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 1983 मध्ये एक पद्धत घालून दिली. प्रत्येक लॉटच्या डब्यावर एक सुधारणा-अंक छापलेला असतो. तो यंत्रात भरला की जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेचा आकडा एकमेकांशी जुळतो. अट एवढीच, की लॉट बदलला की अंक बदलायचा.

त्या महिन्यात बाईंचा आकडा 2.3 आला. थोडा कमी. मी गोळीचा डोस वाढवला. दोन आठवड्यांनी 3.0 आला. मी खूश. चार दिवसांनी बाई पदराने तोंड धरून आल्या. हिरड्यांतून रक्त थांबत नव्हतं, दंडावर काळेनिळे डाग. ‘‘डॉक्टर, तुम्ही सांगितली तशीच गोळी घेतली हो,’’ एवढंच म्हणाल्या.

त्यांनी काहीच चूक केली नव्हती. आमच्याकडे रसायनाचा नवा लॉट आला होता आणि यंत्रात जुन्याच लॉटचा अंक राहिला होता. जुना अंक 1.0, नवा 1.25. वरवर किरकोळ फरक. पण हिशेब घातांकाचा असतो. जो 2.3 वाटला तो खरा 2.8 होता, म्हणजे अगदी योग्य. आणि ज्या 3.0 वर मी खूश झालो, तो खरा चारच्या आसपास होता. योग्य डोसवर असलेल्या बाईला मी वाढवून गोळी दिली होती.

गोळी बंद केली, ‘के’ जीवनसत्त्व दिलं, बाई वाचल्या. त्या दोन आठवड्यांत तपासणी झालेल्या सगळ्या रुग्णांना आम्ही शोधून परत बोलावलं. चूक प्रयोगशाळेची म्हणता येईल, पण फोन उचलून ‘लॉट बदललाय का’ एवढं विचारायला मलाही सुचलं नव्हतं. दोन वर्षं स्थिर असलेला आकडा अचानक हलतो, तेव्हा रुग्ण बदलला की मोजपट्टी बदलली, हा पहिला प्रश्न असायला हवा होता.

असं फक्त आमच्याकडेच घडलं असं नाही. 1968 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला फेफऱ्याच्या अनेक रुग्णांना एकाएकी चक्कर येऊ लागली, तोल जाऊ लागला. औषध तेच होतं, फेनिटॉइन. डोस तोच. शोध घेतल्यावर कळलं की कॅप्सूल भरताना औषधाबरोबर घालायची निरुपद्रवी पूड कंपनीने बदलली होती. आधी कॅल्शियम सल्फेट होतं, आता लॅक्टोज. त्यामुळे औषध रक्तात जास्त शोषलं जाऊ लागलं. मूळ औषधाचा कणही न बदलता परिणाम बदलला.

म्हणजे दोन चुका आहेत, एकमेकींच्या उलट. लॉटमध्ये खरा फरक असताना तो न पाहणं, ही माझी चूक. आणि फरक नसताना तो दिसणं, ही भाचीची. दोन्हींवर औषध एकच : पुरेशा वेळा, नीट मोजणं.

चिठ्ठ्या टाकून चाचणी

भाचीकडे प्रत्येक लॉटच्या पन्नासपैकी पंचेचाळीस काडतुसं उरली होती. आम्ही फोनवर बेत ठरवला.

पहिलं, ग्रुप पाचाचा नाही, दहाचा. आणि प्रत्येक लॉटचे तीन ग्रुप. दुसरं, लॉट बदलला की पहिल्या दहा गोळ्या मोजायच्या नाहीत. प्रत्येक काडतुसाचं मेण वेगळं असतं. नळीत आधीच्याचा थर असतो, तो निघून नवा बसेपर्यंत गोळ्या भटकतात. तिसरं, कुठला लॉट केव्हा मारायचा ते चिठ्ठ्या टाकून. नाहीतर सकाळच्या शांत हवेत मारलेला लॉट चांगला ठरतो आणि दुपारच्या वाऱ्यात मारलेला वाईट. चौथं, आणि हे भाचीला सर्वांत जड गेलं : कुठला लॉट हातात आहे हे तिला कळू द्यायचं नाही. दाजींनी काडतुसं साध्या डब्यांत काढून त्यांवर अ, आ, इ, ई लिहायचं आणि यादी खिशात ठेवायची.

‘‘मी काय मुद्दाम वाईट मारणार आहे का?’’ ती चिडली.

मुद्दाम कुणीच करत नाही. म्हणूनच औषधांच्या चाचण्यांत खरी गोळी कुणाला आणि खोटी कुणाला हे डॉक्टरपासूनही लपवतात. आवडत्या लॉटच्या वेळी श्वास जरा जास्त धरला जातो, ट्रिगर जरा मऊ दाबला जातो. मन हाताला सांगतं आणि आपल्याला पत्ता नसतो.

पाचवं, नुसतं सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधलं अंतर नाही मोजायचं. त्यात दहापैकी दोनच गोळ्या बोलतात, आठ गप्प बसतात. सगळ्या छिद्रांचा मध्य काढून प्रत्येकाचं त्यापासूनचं अंतर मोजायचं आणि सरासरी घ्यायची. मग प्रत्येक गोळीची साक्ष नोंदली जाते. सवयीसाठी जुनं माप सोबत ठेवलं.

दोन दिवस लागले. यादी उघडली तेव्हा दाजींनीच फोन केला.

‘नऊ मिलिमीटर’वाल्या दैवी लॉटची दहा गोळ्यांच्या ग्रुपची सरासरी 18 आली. (दहा गोळ्यांचा ग्रुप पाचापेक्षा मोठाच येतो, गोळ्या वाढल्या की एखादी दूर जाण्याची संधीही वाढते.) सहांपैकी पाच लॉट 17 ते 19 च्या मध्ये. ‘एकवीस’वाला, जो टाकून द्यायचा होता, तोही त्यांच्यातच. एक लॉट मात्र वेगळा निघाला : सरासरी 27 आणि तिन्ही ग्रुप उभट, वरपासून खालपर्यंत ताणलेले. उभा पसारा म्हणजे बहुधा वेगातला चढउतार. आणि हा लॉट कोणता? पहिल्या चाचणीत 15 मिलिमीटर देऊन सभ्यपणे मधोमध बसलेला!

पाचांत पहिला कोण हे आम्हाला कळलं नाही. कळणारही नव्हतं. तीस-चाळीस गोळ्यांमधून दोन लॉटमधला दहा टक्क्यांचा फरक खात्रीने सांगता येत नाही. त्याला शेकडो लागतात आणि शिकंजा लागतो. पण वाईट लॉट थोडक्या गोळ्यांत ओळखू येतो. चाचणीचा खरा उपयोग बहुधा तोच : सर्वोत्तम शोधणं नाही, वाईट वगळणं.

ऊसबिलाचं काय झालं?

एक हिशेब मी दाजींना कागदावर मांडून पाठवला. तो सगळ्या खेळाडूंच्या पालकांच्या कामाचा आहे.

लक्ष्यावरचा पसारा दोन गोष्टींचा मिळून होतो. एक माणसाचा : हात, श्वास, नाडीचे ठोके. दुसरा काडतुसाचा. पण त्यांची साधी बेरीज होत नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज होते, काटकोन त्रिकोणाच्या बाजूंसारखी. समजा शिकाऊ मुलीचा स्वतःचा पसारा 6 मिलिमीटर आणि काडतुसाचा 3. एकूण 6.7. आता महागडा लॉट आणून काडतुसाचा पसारा 2 वर आणला, तर एकूण 6.3. एवढा खर्च करून वाचले चार दशांश. त्याऐवजी काडतूस तेच ठेवून मुलीने सरावाने आपला पसारा 6 वरून 5 वर आणला, तर एकूण 5.8.

आता हाच हिशेब ऑलिम्पिकच्या खेळाडूचा. त्याचा स्वतःचा पसारा 3, काडतुसाचा 3, एकूण 4.2. चांगल्या लॉटने 2 केला तर 3.6. त्याच्यासाठी लॉट खरंच मोलाचा, कारण त्याच्याकडे काढण्यासारखी दुसरी चूक फारशी उरलेली नाही. म्हणून तो शोनेबेकला जातो ते योग्य आणि आपण त्याची नक्कल करतो ते बहुतेक वेळा घाईचं.

दवाखान्यातही हेच दिसतं. रोजच्या जेवणात मिठाचा डबा ताटाजवळ असतो, गोळी आठवड्यातून तीनदा चुकते आणि रुग्ण विचारतो, ‘‘डॉक्टर, यापेक्षा भारी कंपनीची गोळी आहे का?’’ मोठी चूक तशीच ठेवून छोट्या चुकीवर पैसे घालणं हा माणसाचा स्वभाव आहे.

मामा डॉक्टर असल्याने आणखी एक गोष्ट बजावून सांगितली. गोळी शिशाची असते आणि कडेतल्या मसाल्यातही बहुधा शिशाचं संयुग असतं. प्रत्येक बारासोबत त्याची धूळ आणि धूर उडतो. शिसं शरीरात हळूहळू साठतं आणि त्याची सुरक्षित पातळी अशी काही नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रेंजवर खाऊ नका. सराव संपला की आधी साबणाने हात-तोंड धुवा, मग डबा उघडा. रेंजचे कपडे वेगळे धुवा. बंदिस्त रेंजवर हवा खेळती हवी आणि केरसुणीने कोरडी झाडलोट नको, ओल्या फडक्याने पुसा. लहान मुलं आणि गर्भवतींना धोका जास्त. रोज सराव करणाऱ्यांनी अधूनमधून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्यावी. आणि कानाला संरक्षण लावल्याशिवाय एकही गोळी नाही. गेलेलं ऐकू परत येत नाही.

दाजींनी त्या पाचांपैकी सहज मिळाले त्या दोन लॉटची, एका हंगामापुरती काडतुसं घेतली. उरलेल्या पैशांत भाचीच्या प्रशिक्षकांची वर्षाची फी आणि स्पर्धांचा प्रवास बसला. भाची महिनाभर माझ्याशी जरा फुगूनच होती. तिचा दैवी लॉट मी हिरावून घेतला होता ना!

मागच्या महिन्यात तिचा पुन्हा फोटो आला. यावेळी एकच ग्रुप नव्हता, वहीचं पान होतं. तारीख, लॉट क्रमांक, हवा, दहा-दहा गोळ्यांचे आठ ग्रुप आणि खाली सरासरी. ओळ होती : ‘‘मामा, अजून खात्री नाही. आणखी मारून बघते.’’

आमच्या प्रयोगशाळेतही आता असा एक फळा आहे. कुठल्याही रसायनाचा लॉट बदलला की तंत्रज्ञ त्यावर तारीख आणि नवा अंक खडूने लिहितो आणि आधीच्या लॉटवर तपासलेले काही नमुने नव्यावर पुन्हा तपासतो. तुमच्या घरी साखर मोजायचं यंत्र असेल, तर पट्ट्यांचा नवा डबा फोडताना मुदतीची तारीख पाहा आणि यंत्राला कोड लागत असेल तर तो जुळवा. आकडा अचानक फार बदलला, तर गोळी कमी-जास्त करण्याआधी हात धुऊन पुन्हा एकदा मोजा आणि डॉक्टरांना सांगताना एवढंही सांगा : ‘‘पट्ट्यांचा डबा नवा आहे.’’ हे वाक्य त्या बाईंच्या वेळी मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.